स्कॅन केलेली चित्रे संपादनानंतर उघडत नाहीत तेव्हा

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत मोडीतली खरेदीखते, वाटणीपत्रे आणि लग्नाचे पिवळे पडलेले फोटो आजही कापडात बांधून ठेवलेले सापडतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये तेथेच उभे राहिले. कागद जपण्याचे महत्त्व त्यामुळे या भागाला वेगळे सांगावे लागत नाही. आता घरोघरी हे कागद स्कॅन होऊ लागले आहेत. आमच्या भाऊबंदांचे कागद स्कॅन करताना मी कडा कापल्या, उजेड वाढवला, फाइल जतन केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या अकरा फाइली उघडेनात. त्यांपैकी नऊ पूर्णपणे परत मिळाल्या. ज्या क्रमाने तपासणी केल्यामुळे त्या मिळाल्या, तो क्रम येथे देत आहे.

सर्वांत आधी न उघडणाऱ्या फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. फाइल पेनड्राइव्हवर असेल, तर त्या पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये, कारण हरवलेली माहिती अजून तेथे शिल्लक असेल, तर नवे लेखन तिच्यावरच बसण्याचा धोका असतो.

त्यानंतर फाइलचा आकार पाहावा. ए-फोर कागद ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू घेऊन, रंगीत स्कॅन केला, तर सुमारे ४९६० गुणिले ७०१६ बिंदूंचे चित्र तयार होते आणि न दाबलेल्या टिफ स्वरूपात ते साधारण १०० एमबी भरते. अशा फाइलचा आकार शून्य किंवा काही केबीच दिसत असेल, तर जतन होत असतानाच काम तुटले, हे निश्चित समजावे. उन्हाळ्यात वीज अचानक जाते आणि संगणकाला बॅटरीचा आधार नसतो, तेव्हा असे हमखास घडते. पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढून काढल्यानेही हेच होते. आकार योग्य असेल, तर आशेला बराच वाव आहे.

आकार योग्य असूनही फाइल उघडत नसेल, तर तिच्या नावाचा शेवट तपासावा. विंडोज नेहमीच्या फाइलींचे एक्सटेन्शन, म्हणजे नावाशेवटचे प्रकार सांगणारे टिंब आणि अक्षरे, लपवून ठेवते, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ते दिसेल अशी व्यवस्था प्रथम करावी. आपल्याकडे एक चूक फार होते: फाइलला ‘गट क्र. ४५’ असे नाव देताना शेवटचे ‘डॉट जेपीजी’ पुसले जाते आणि मग फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे विंडोजला कळत नाही. ही फाइल पूर्ण निरोगी असते. शेवटी योग्य एक्सटेन्शन जोडले की ती लगेच उघडते. याच्या उलट प्रकारही आढळतो. जिंप या मोफत चित्रसंपादन प्रोग्राममध्ये ‘सेव्ह’ केल्यावर एक्ससीएफ स्वरूपाची फाइल तयार होते, तिचे केवळ नाव बदलून जेपीजी केल्याने आतले स्वरूप बदलत नाही. त्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ हाच आदेश वापरावा लागतो.

फाइल खरोखर कोणत्या प्रकारची आहे, हे तिच्या पहिल्या काही अक्षरांवरून कळते. प्रत नोटपॅडमध्ये उघडून फक्त पहिली ओळ पाहावी. फाइल फार मोठी असेल, तर एचएक्सडीसारखा मोफत हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधली कच्ची माहिती जशीच्या तशी दाखवणारा प्रोग्राम, वापरावा. पहिल्या ओळीत ‘पीएनजी’ ही इंग्रजी अक्षरे दिसली तर ती पीएनजी, ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ दिसले तर जेपीजी, अगदी सुरुवातीलाच दोन ‘आय’ किंवा दोन ‘एम’ दिसले तर टिफ, टक्क्याच्या चिन्हानंतर ‘पीडीएफ’ आले तर पीडीएफ, असे ओळखावे. पाहून झाल्यावर नोटपॅड काहीही जतन न करता बंद करावे, कारण नोटपॅडमधून जतन केलेले चित्र कायमचे बिघडते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेक्स एडिटरमध्ये केवळ शून्येच दिसली, तर डिस्कवर जागा राखली गेली, पण चित्र लिहिलेच गेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या दोन फाइली अशाच गेल्या.

ओळख पटूनही चित्र दिसत नसेल, तर बहुतेक वेळा दोष संपादनातील निवडीत असतो. छपाईसाठीचा सीएमवायके रंगप्रकार, प्रत्येक रंगाला १६ बिट, एकावर एक ठेवलेले थर, किंवा टिफमध्ये निवडलेली वेगळी दाबणी यांपैकी काही असेल, तर साधे फोटो दाखवणारे प्रोग्राम गोंधळतात. अशी फाइल इरफानव्ह्यू या चित्रे पाहण्याच्या प्रोग्राममध्ये किंवा जिंपमध्ये उघडून पाहावी. तेथे उघडली, तर थर एकत्र करावेत, रंग आरजीबी (पडद्यासाठीचा रंगप्रकार) आणि ८ बिट करावेत आणि नव्या नावाने टिफ म्हणून, एलझेडडब्ल्यू दाबणीने किंवा दाबणीशिवाय, एक्स्पोर्ट करावी.

अर्धवट तुटलेल्या फाइलींच्या बाबतीत जेपीजी आणि टिफ यांच्यातील फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या जेपीजीमध्ये चित्र वरून खाली लिहिले जाते, त्यामुळे शेवट तुटला तरी वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा उरतो. तो वरचा भाग इरफानव्ह्यूमधून नव्या फाइलमध्ये जतन करता येतो. टिफमध्ये मात्र चित्र कोठे आणि कसे ठेवले आहे याची एक सूची असते आणि अनेक प्रोग्राम ती फाइलच्या शेवटी लिहितात, म्हणून थोडासा शेवट गेला तरी संपूर्ण चित्र उघडत नाही. फाइल पेनड्राइव्हवरून नाहीशीच झाली असेल, तर फोटोरेक हा मोफत प्रोग्राम सुरुवातीच्या त्याच खुणा शोधून ती बाहेर काढू शकतो. मिळालेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर न ठेवता संगणकावर उतरवाव्यात. जुनी नावे मात्र परत मिळत नाहीत.

फाइलचा लांबलचक मार्ग, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता, हेही एक दुर्लक्षित कारण आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणून काळानुसार जिल्हा, मग तालुका, गाव, घराणे आणि कागदाचा प्रकार असे फोल्डरमध्ये फोल्डर करत जाण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु विंडोजमधील बरेच प्रोग्राम साधारण २६० खुणांपलीकडचा मार्ग वाचत नाहीत आणि देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा यांची प्रत्येकी वेगळी खूण मोजली जाते. ‘खानदेशातील’ हा सहा अक्षरांचा शब्द तेथे दहा खुणांचा होतो. फाइल थेट डी ड्राइव्हवर आणून छोट्या नावाने उघडून पाहिली की हे कारण आहे की नाही, ते लगेच समजते. तेव्हापासून मी फाइलला केवळ क्रमांक देतो आणि कागदाचा सगळा तपशील वेगळ्या वहीत लिहितो.

यापुढे स्कॅनरमधून आलेली पहिली फाइल कधीही बदलू नये. तिचे वेगळे फोल्डर करून कापणे, उजळणे हे सर्व प्रतीवर करावे. आणि कागद दुसऱ्याच्या घरचे असतील, तर ते परत करण्यापूर्वी प्रत्येक फाइल दुसऱ्या संगणकावर पूर्ण मोठी करून, खालच्या कडेपर्यंत पाहावी. वर सांगितलेल्या दोन कोऱ्या फाइलींसाठी मला ज्यांचे ते कागद होते त्या काकांच्या घरी पुन्हा जावे लागले आणि तोवर त्यांतला एक कागद घडीवर फाटला होता.