लघुजलविद्युत प्रकल्प आणि नदीतले मासे : सर्वेक्षणात या चुका टाळा

सह्याद्रीतल्या छोट्या वीजप्रकल्पांचे मत्स्य-अहवाल वाचण्याचं काम माझ्याकडे येतं. नदी बदलते, कंपनी बदलते, चुका मात्र त्याच.

सगळ्यात जास्त चीड येते ती मे महिन्यात जाऊन मासे मोजणाऱ्यांची. कोकणातल्या एका नदीच्या अहवालात ओळ होती : ‘स्थलांतर करणाऱ्या प्रजाती : आढळल्या नाहीत.’ मंडळी मेअखेरीस गेली होती. पुलापर्यंत गाडी जाते म्हणून पुलाखालच्याच डोहात फेकजाळं टाकलं आणि जेवायच्या वेळेला परत. गावच्या बैठकीत ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, “साहेब, मग मिरगात, जूनच्या पहिल्या पावसात, आम्ही खातो काय?” सगळी बैठक हसली. पहिल्या पावसाचा लोंढा आला की त्या नदीला चढण लागते, अंड्यांनी भरलेले मासे वरच्या उथळ पाण्याकडे निघतात, आणि नियोजित बंधारा नेमका त्या वाटेवर होता. फेरसर्वेक्षण करा म्हटलं, तर सल्लागाराने जादा पैसे मागितले, प्रकल्पवाले ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणाले. अंतिम अहवालात ती ओळ जशीच्या तशी गेली.

मी नव्या नदीवर गेलो की जाळं आधी काढतच नाही. मासे धरणाऱ्यांकडे जाऊन बसतो. चढण कुठपर्यंत जाते, कुठल्या कड्याशी अडते, उन्हाळ्यात मासा कुठल्या डोहात तग धरतो, हे विचारतो. मग जून, ऑक्टोबर आणि मार्च असे निदान तीन फेरे. जूनमध्ये भिजावं लागतं, जळवा चावतात, त्याला इलाज नाही. एका फेरीत उरकायचं असेल त्याने दुसरं काम शोधावं.

डोहातच जाळं टाकणं हीसुद्धा त्याच घाईची चूक. वीजघराकडे पाणी वळवलं की आधी खळाळ, म्हणजे दगडांवरून खळखळणारं उथळ पाणी, मरतो. मळ्या किंवा ग्लिप्टोथोरॅक्ससारखे दगडाला चिकटून राहणारे मासे तिथेच असतात आणि फेकजाळ्यात ते क्वचितच येतात. बारीक जाळी धरून वरच्या अंगाचे दगड हलवा, मग दिसतील. दगड होते तसे परत ठेवा.

दुसरी लाडकी चूक टक्क्यांची. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं की कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत राहिलं पाहिजे. झालं, तेव्हापासून प्रत्येक अहवालात ‘१५ टक्के सोडणार’ असं वाक्य आणि पुढे शांतता. अहो, सह्याद्रीत पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. मार्च-एप्रिलच्या धारेचे १५ टक्के म्हणजे किती? रुंद, धोंड्यांच्या पात्रात ते पाणी दगडांखालून निघून जातं. कागदावर वाहणारी नदी, आत मात्र सुटी डबकी. कर्नाटकातल्या नेत्रावतीच्या खोऱ्यात अशा प्रकल्पांचा अभ्यास झाला आहे. बंधारा ते पॉवरहाऊस या पाणी काढून घेतलेल्या पट्ट्यात पाणी जास्त तापलेलं, त्यातला प्राणवायू कमी आणि माशांची रचना बदललेली आढळली.

म्हणून मी टक्के विचारत नाही, खोली विचारतो. त्या पट्ट्यातली सगळ्यात उथळ जागा शोधायची, तिथे काठी लावायची. नदीतला सगळ्यात मोठा मासा पोट न घासता पलीकडे जाईल का? नसेल, तर टक्का कितीही लिहा. शिवाय भर दुपारी डबक्यात थर्मामीटर बुडवा. सकाळी आठची तापमानं मला पाठवू नका.

‘छोटा प्रकल्प’ या नावाला भुलू नका. २००६च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत २५ मेगावॅटच्या आतले जलविद्युत प्रकल्प मूल्यांकनातून सुटतात, म्हणून २४.७५ हा आकडा फायलींत उगाच येत नाही. माशाला मेगावॅट कळत नाहीत. किती किलोमीटर नदी कोरडी पडते आणि वर-खाली आणखी किती बंधारे आहेत, ते लिहा.

संध्याकाळच्या मागणीसाठी पाणी अडवून एकदम सोडणार असतील, तर तासातासाचा प्रवाह मागा. रोजची सरासरी बघून काठावर अडकून मेलेली पिल्लं दिसत नाहीत.

‘भरपाई म्हणून बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडू’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. लोणावळ्याच्या हॅचरीतली खडशीची (हाही एक महासीरच) बोटुकली कावेरीत सोडली गेली. ती तिथे इतकी फोफावली की कावेरी खोऱ्यातच सापडणारा कुबडवाला महासीर, टॉर रेमादेवी, मागे पडत गेला. आज तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. अधिवास गेला तर त्याची भरपाई टँकरमधून होत नाही, आणि चुकीचा मासा सोडला तर उरलेलाही जातो.

मत्स्यशिडी, म्हणजे माशांना बंधारा चढून जाता यावा म्हणून केलेली वाट : परदेशातल्या उड्या मारणाऱ्या सॅमनचं डिझाइन उचलू नका. आणि अहीर हा सापासारखा लांब मासा अंडी घालायला खाली समुद्राकडे जातो, तेव्हा टर्बाइनसमोरच्या जाळीची फट किती, तेही लिहा.

प्रजातींची यादी जुन्या अहवालातून चिकटवू नका. सह्याद्रीतल्या ओढ्यात हिमालयाच्या थंड पाण्यातला असेला पोहताना दिसला की मी पुढचं पान उलटत नाही.