टर्मिनलमधलं कॅलेंडर: कॅल, एनकॅल आणि त्यांचे खाचखळगे

कॅल ही कमांड युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९७१ साली आली आणि आजही तेवढ्याच तीन अक्षरांत चालते. सी, ए, एल, एंटर. चालू महिना समोर येतो आणि आजची तारीख उठून दिसते.

खाली सगळ्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मात्र छोटी इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे ‘कॅपिटल’ असं लिहिलंय. कीबोर्ड मराठीवरच राहिला असेल तर ‘कमांड नॉट फाउंड’ येणार. ‘८’ असा देवनागरी आकडा दिलात तर कॅल तो महिना म्हणून घेणारच नाही.

उबंटू २२.०४ या लिनक्स आवृत्तीवर कॅल आधीपासून बसवलेलं नसतं. तिथे हे करा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनकॅल

पॅकेजचं नाव एनकॅल आहे, पण त्यातून कॅल आणि एनकॅल दोन्ही मिळतात. फेडोरा आणि आर्चवर कॅल युटिल-लिनक्स या पॅकेजातून येतं, मॅकवर ते आधीपासून असतं. विंडोजवर अशी कमांड नाही. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाकून वरचीच ओळ चालवा.

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. कॅल नावाच्या दोन वेगळ्या कमांड आहेत. डेबियन, उबंटू, मिंट आणि मॅकवर बीएसडी (युनिक्सची एक शाखा) घराण्यातली, तर फेडोरा, आर्चवर युटिल-लिनक्सची. नाव एक, पण पर्यायांची अक्षरं वेगळी. त्यामुळे कॉलेजच्या लॅबमधल्या उबंटूवर पाठ केलेली ओळ घरच्या फेडोरावर भलतंच काही दाखवते. आपल्याकडे कोणती आहे हे आधी बघा:

कॅल --व्हर्जन

युटिल-लिनक्सचं नाव आणि आवृत्ती दिसली तर विषय संपला. ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ म्हणून वापराची पद्धत छापली गेली, तर ती बीएसडीची.

सगळ्यात फसवं अक्षर एम. बीएसडीमध्ये ‘कॅल -एम ८’ म्हणजे चालू वर्षाचा ऑगस्ट. युटिल-लिनक्समध्ये तोच -एम ‘आठवडा सोमवारपासून दाखव’ असं सांगतो, मग उरलेला ८ वर्ष ठरतो आणि इसवी सन ८ चं अख्खं कॅलेंडर पडद्यावर येतं. एचचंही तसंच. बीएसडीत तो आजच्या तारखेची खूण काढतो, युटिल-लिनक्समध्ये मदत दाखवतो. उबंटूवर सोमवारपासूनचा आठवडा हवा असेल तर ‘एनकॅल -बी -कॅपिटल एम’ द्या; त्यातला बी काढलात तर एनकॅल वार डावीकडे उभे मांडतं. पुढचे दोन महिने चालू महिन्यासकट हवे असतील तर बीएसडीत ‘कॅल -कॅपिटल ए २’, युटिल-लिनक्समध्ये ‘कॅल -एन ३’.

दोन्हीकडे बिनधास्त चालणाऱ्या ओळी कमी आहेत, पण रोजच्या कामाला पुरतात:

कॅल -३
(मागचा, चालू आणि पुढचा महिना)

कॅल ६ २०२६
(जून २०२६, शाहू जयंती, २६ जून, शुक्रवारी)

कॅल २०२६
(पूर्ण वर्ष)

कॅल -जे ६ २०२६
(वर्षातला कितवा दिवस)

वर्ष नेहमी चार आकडी लिहा. ‘कॅल २६’ म्हणजे इसवी सन २६, २०२६ नव्हे. चूक लवकर लक्षातही येत नाही, कारण कॅलेंडर व्यवस्थित छापलं जातं, फक्त वार चुकतात.

-जे हा पर्याय बहुतेक लोक कधी वापरत नाहीत, पण दिवस मोजायला तो फार सोयीचा. समजा, साखर कारखान्याचा गळीत हंगाम १ नोव्हेंबर २०२६ ला सुरू झाला आणि १० मार्च २०२७ ला संपला. कॅल -जे १ नोव्हेंबरला ३०५ आणि १० मार्चला ६९ दाखवेल. ३६५ मधून ३०५ वजा, अधिक ६९, म्हणजे १२९. पहिला दिवसही धरायचा तर १३०. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरचा प्रत्येक आकडा एकाने वाढतो, म्हणून मागच्या वर्षीचे आकडे पाठ करून वापरू नका.

आता इतिहासाकडे. ‘कॅल ९ १७५२’ चालवा. २ सप्टेंबरनंतर थेट १४ तारीख दिसेल. ही बिघाडाची खूण नव्हे. इंग्लंडने त्या महिन्यात जुनं ज्युलियन सोडून आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं आणि ११ तारखा गाळल्या. आधीच्या सगळ्या तारखा कॅल ज्युलियन मानतं. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं चाळणाऱ्यांना हे नीट माहीत हवं. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. ‘कॅल २ १६३०’ त्या दिवशी शुक्रवार दाखवतं आणि जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची घटनांची जुनी नोंदवही) फाल्गुन वद्य तृतीयेचा वारही शुक्रवारच आहे. जुळलं. पण तीच तारीख लिनक्सच्या डेट कमांडला विचारा:

डेट -डी १६३०-०२-१९ +%कॅपिटल ए

उत्तर मंगळवार येतं, कारण डेट ग्रेगोरियन नियम कितीही मागे ताणत नेते. म्हणून १७५२ आधीचा वार काढताना आधी तारीख कुणाच्या कागदातली आहे ते बघा. इंग्रजी कागद असेल तर नुसतं कॅल बरोबर. गोव्यातला पोर्तुगीज कागद असेल तर त्यांनी हा बदल १५८२ मध्येच केला होता. बीएसडीमध्ये ‘एनकॅल -एस कॅपिटल पीटी २ १६३०’ असा देशाचा संकेत द्या. संकेतांची यादी ‘एनकॅल -पी’ देते. युटिल-लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत त्यासाठी --रिफॉर्म हा पर्याय आहे.

महिन्यांची नावं मराठीत हवी असतील तर आधी ‘लोकेल -ए’ च्या (बसवलेल्या भाषा-प्रदेशांच्या, म्हणजे लोकेलच्या) यादीत एमआर_आयएन आहे का बघा. नसेल तर उबंटूवर ‘सुडो लोकेल-जेन एमआर_कॅपिटल आयएन’, फेडोरावर जीलिबसी-लँगपॅक-एमआर हे पॅकेज. मग कॅलच्या आधी त्याच ओळीत एलसी_टाइम=एमआर_आयएन लिहा (एलसी_टाइम आणि आयएन ही अक्षरं कॅपिटल). लोकेल बसवलेलं नसेल तर कमांड तक्रार न करता इंग्रजीतच छापते. सगळ्या भाषिक सेटिंग एकदम ठरवणारं एलसी_ऑल आधीच ठरवलेलं असेल तर तुमच्या एलसी_टाइमला कुणी विचारत नाही. आकडे इंग्रजीच राहतात, आणि काना-मात्रांमुळे वारांच्या ओळीतले रकाने थोडे सरकू शकतात.

छापायचं असेल तर आउटपुट ‘>’ चिन्हाने फाइलमध्ये वळवा. उबंटूच्या काही आवृत्त्यांत अशा फाइलमध्ये आजच्या तारखेशेजारी अधोरेखा आणि विचित्र खुणा येतात. तिथे ‘कॅल -एच २०२६’ द्या. छापताना समान रुंदीचा फाँट निवडा, नाहीतर रकाने वेडेवाकडे होतात.

नुसत्या तारखा पुरत नाहीत, त्या तारखेला काय आहे हेही हवं, तर कॅलेंडर ही वेगळी कमांड आहे. नव्या उबंटूत तिचं पॅकेजही कॅलेंडर याच नावाचं. होम फोल्डरमध्ये .कॅलेंडर नावाचं फोल्डर आणि त्यात कॅलेंडर नावाची फाइल करा. एका ओळीत एक नोंद:

०६/२६ [टॅब] शाहू महाराज जयंती
०५/०६ [टॅब] शाहू महाराज स्मृतिदिन
११/०९ [टॅब] अंबाबाई किरणोत्सव
११/१८ [टॅब] शिवाजी विद्यापीठ वर्धापनदिन
१५ * [टॅब] कर्जाचा हप्ता

[टॅब] म्हणजे खरोखर टॅबची कळ. स्पेस दिलात तर ओळ दिसणारच नाही. एडिटर टॅबच्या जागी स्पेस भरत असेल तर ती सोय बंद ठेवा. दुसरं म्हणजे आधी महिना, मग दिवस. आपल्या सवयीने ०६/०५ लिहिलंत तर ६ मे ऐवजी ५ जून धरला जाईल. २६/०६ मात्र बरोबर वाचलं जातं, कारण सव्विसावा महिना नसतो. त्यामुळे अर्ध्या नोंदी बरोबर आणि अर्ध्या चुकीच्या दिसल्या तर पहिला संशय इथेच घ्या.

कमांड आजच्या आणि उद्याच्या नोंदी दाखवते, शुक्रवारी सोमवारपर्यंतच्या. आठवडाभराच्या हव्या असतील तर ‘कॅलेंडर -कॅपिटल ए ७’. हीच ओळ .बॅशआरसी या, टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलच्या शेवटी टाकलीत की टर्मिनल उघडताच यादी समोर येते.

तिथी यातल्या कशालाच कळत नाही. जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र, त्र्यंबोलीची ललितापंचमी यांच्या तारखा दरवर्षी पंचांगातून काढून फाइलमध्ये हातानेच बदलाव्या लागतात. पाडव्याला एकदा बसून हे काम उरकलं की वर्षभराची चिंता मिटते. जुन्या वर्षाच्या ओळी तेवढ्या आठवणीने खोडा, नाहीतर यात्रा दोनदा दिसेल.