लिनक्स सर्व्हरवर काम करताना या चुका टाळा

डिस्क भरली की नवशिके सगळ्यात मोठी लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितो ती) शोधतात आणि सरळ आरएम, म्हणजे फाइल पुसण्याची कमांड, मारतात. मग डिस्क किती भरली ते सांगणारं 'डीएफ -एच' चालवून बघतात, तर आकडा ढिम्म. १०० टक्के होते, १०० टक्केच आहेत.

मागे रात्री दीडला असाच एक फोन आला. "दादा, ३० जीबीचा लॉग उडवला, तरी जागा नाही!" फाइलींचे आकार मोजणारं डीयू म्हणतंय डिस्क अर्धी रिकामी, डीएफ म्हणतंय तुडुंब. दोघंही खरंच बोलत होते. लिनक्समध्ये आरएम फक्त फाइलचं नाव पुसतं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडी धरली असेल, तर ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. इथे वेब सर्व्हर धरून बसला होता. तो रीस्टार्ट केला, दोन मिनिटांत जागा मोकळी. पण मला फोन लावण्याआधी पठ्ठ्याने डेटाबेसचे बायनरी लॉगही (बदलांच्या नोंदी, ज्यांवरून रेप्लिका म्हणजे डेटाबेसची दुसरी प्रत चालते) "जुने दिसतात" म्हणून उडवले होते. रेप्लिका नव्याने उभी करता करता उजाडलं.

म्हणून चालू लॉग मी कधी पुसत नाही, 'ट्रंकेट -एस ०' देऊन रिकामा करतो. पुसून बसलाच असाल, तर 'एलएसओएफ +एल१' नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दाखवतं. तिथे प्रोसेसही कळते. सर्व्हर रीबूट करूनही जागा सुटते म्हणा, पण हा उपाय सांगणाऱ्यांशी मी फारसा बोलत नाही. आणि जागा असूनही फाइल बनत नसेल, तर 'डीएफ -आय' बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले असतील.

परमिशनची अडचण आली की सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा. का? घराला कुलूप लागत नाही म्हणून दार काढून ठेवता का? फाइलचा मालक कोण ते आधी 'एलएस -एल'ने बघा.

फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचचं (दुरून लॉगिन करतो त्याचं) पोर्ट उघडलंय ना? नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. बहुतेक ठिकाणी ते २२ असतं, बदललं असेल तर जे असेल ते. एसएसएचच्या सेटिंगला हात लावलात तर आधी 'एसएसएचडी -टी'ने तपासा, मग रीलोड करा, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होईपर्यंत पहिली बंद करू नका. माझी तर दिवसभर उघडीच असते.

क्रॉनटॅबला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) '-ई' म्हणजे बदल, '-आर' म्हणजे सगळं साफ, तेही सहसा न विचारता. कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी शेजारी आहेत. मी आधी 'क्रॉनटॅब -एल'ने यादी एका फाइलमध्ये घेतो, मगच हात लावतो.