10 मीटर एअर रायफल: पॅलेट निवडताना आणि भरताना या चुका टाळा

नाशिकच्या कुठल्याही रेंजवर संध्याकाळी अर्धा तास थांबा, एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, 4.49 घेऊ का 4.50?" विचारणारा मुलगा 13-14 वर्षांचा, रायफल हाती येऊन दोन महिने झालेले, कार्डावरची भोकं सहापासून दहापर्यंत पसरलेली. त्याला खरी गरज असते उभं राहण्याची पद्धत पक्की करण्याची, आणि तो शोधत असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सुटका. उत्तर देणारेही आपल्या रायफलला जे मानवलं ते सांगून मोकळे होतात. मग ते पोर घरी जाऊन वडिलांना तोच डबा आणायला लावतं.

आधी हा आकडा कशाचा ते समजून घ्या. एअर रायफलची नळी 4.5 मिमीची. मॅच पॅलेट, म्हणजे स्पर्धेची शिशाची गोळी, डमरूच्या आकाराचं असतं: पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर, मागे पातळ पोकळ स्कर्ट. डब्यावरचा 4.48 ते 4.52 हा आकडा डोक्याच्या व्यासाचा. डोकं नळीतल्या आट्यांवर (पेचदार खाचांवर) टेकून पॅलेटला सरळ ठेवतं. हवेच्या दाबाने स्कर्ट फुगून नळीला चिकटतो आणि हवा अडवतो. डोकं सैल असेल तर पॅलेट नळीत किंचित तिरकं बसून निघतं. फार घट्ट असेल तर शिसं जास्त घासलं जातं आणि वेग वरखाली होतो. पण सैल आणि घट्ट ठरवणारी नळी तुमची असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळा डबा पसंत करतात, कारण नळीचा आतला व्यास आणि पुढच्या तोंडाजवळचा चोक (किंचित आवळलेला भाग) यांत बारीक फरक राहतोच. म्हणून "अमुक नेमबाज 4.50 वापरतो" ही माहिती तुमच्या काहीही कामाची नाही.

मायक्रोमीटरने पॅलेट निवडणं

ही चूक नाशिकमध्ये जास्त दिसते, कारण इथे घरोघरी कुणीतरी सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आहे आणि मापाची हत्यारं हाताशी असतात. सिडकोतल्या एका मुलाच्या वडिलांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. टूलरूममधला माणूस, हात अतिशय नेमका. मुलाची एका गोळीमागची सरासरी 9.8 वर अडकली, तेव्हा त्यांनी 4.50 चे तीन डबे आणले आणि तीन रात्री बसून 1500 पॅलेटची डोकी मायक्रोमीटरने मोजली. 4.49, 4.50, 4.51 असे तीन ढीग केले, प्रत्येक ढीग वेगळ्या डबीत भरला. मुलाला मधला ढीग दिला. पुढचे पंधरा दिवस गुण घसरत गेले. मुलगा म्हणे हात थरथरतो, वडील म्हणत लक्ष नाही.

शेवटी रायफल शिकंजात बांधून पाहिली. त्याच तीन डब्यांपैकी एकाच्या लॉटचा (म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेचा), हात न लागलेला नवा डबा घेतला, तर 10 गोळ्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 6 मिमी. मोजून वेगळी केलेली पॅलेट भरली, तर 8 मिमीच्या पुढे.

कारणं तीन होती. शिसं मऊ असतं, मायक्रोमीटरच्या जबड्यात ते दबतं. पोलादी पिन मोजायला जो दाब ठीक असतो, तोच पॅलेटच्या डोक्याला चपटं करतो, म्हणजे मोजण्यानेच माप बदललं. दुसरं, तिन्ही डबे वेगवेगळ्या लॉटचे होते. एकाच व्यासाची पॅलेट एकत्र करताना त्यांनी तीन लॉट मिसळून टाकले, आणि लॉट बदलला की वजन, स्कर्टची जाडी, कंबरेचा आकार सगळंच थोडं बदलतं. तिसरं, ढिगात लोटल्याने कित्येक स्कर्टना पोचे पडले. इतकी मेहनत आणि इतकं प्रेम, पण पोराला त्यातून मिळाली फक्त स्वतःच्या हाताबद्दल शंका. असं व्हायला नको होतं.

6 आणि 8 मिमीचा फरक कार्डावर किती पडतो ते सांगते. दशांश गुणांत (मधोमध 10.9) प्रत्येक 0.1 म्हणजे मध्यापासून 0.25 मिमी. बाहेरचं माप 6 असेल तर त्यातून पॅलेटचे 4.5 वजा करा. उरतात 1.5 मिमी, म्हणजे मध्यापासून जास्तीत जास्त 0.75. सगळं अचूक केलं तर वाईटात वाईट गोळी 10.7. ग्रुप 8 चा असेल तर 3.5 उरतात, निम्मे 1.75, आणि अचूक मारलेली गोळीही 10.3 वर जाऊ शकते. वरच्या पातळीवर 60 गोळ्यांत हा फरक अंतिम फेरी हिरावून घेतो. 9.8 सरासरीच्या मुलाला मात्र त्याने फारसं काही होत नाही, कारण त्याचा स्वतःचा उभ्याने पडणारा ग्रुपच त्याच्या कित्येक पट मोठा असतो.

म्हणून सरासरी 10.0 च्या वर स्थिर होईपर्यंत पॅलेट तपासणीच्या मागे लागू नये. चांगल्या कंपनीचं 0.53 ग्रॅमचं 4.50 मॅच पॅलेट घ्या, एका लॉटचे जमतील तेवढे डबे घ्या आणि आकडा विसरून जा. ज्यांना पहिल्या वर्षीच सगळ्या गोष्टी "सेट" करायच्या असतात, त्यांची सरासरी वर्षाअखेरीसही तिथेच असते.

तपासायचंच असेल तर असं

उभं राहून तपासू नका. त्यात माणूस तपासला जातो. रेंजवर शिकंजा असेल तर उत्तम. नसेल तर बेंच व्हाइसच्या जबड्यांना लाकूड आणि रबर लावून तो जड टेबलाला बोल्टने बांधा. पकड दस्त्यावर किंवा रिसीव्हरखालच्या सपाट भागावर घ्या. नळीवर किंवा हवेच्या सिलिंडरवर कधीच नाही. नळी दाबली गेली की सगळी चाचणी फुकट. टेबल हलतं का ते बोटाने ढकलून पाहा, हलत असेल तर सुरूच करू नका.

पॅलेटचा लॉट बदलला की पहिल्या 5 ते 10 गोळ्या मोजायच्या नाहीत. आधीच्या शिशाचा थर नळीत असतो, तो नव्याशी जुळायला वेळ लागतो. त्यानंतर 10-10 गोळ्यांचे किमान दोन ग्रुप, प्रत्येक वेळी नवं कार्ड. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबाने सुंदर येतो आणि लोक त्यावर हजारोंची खरेदी करतात. मापायला व्हर्नियर चालतो, कारण इथे कागदातलं भोक मोजायचंय. 6 मिमीच्या आत असेल तर तो लॉट ठेवा. 7 पर्यंत सरावाला चालेल. त्यापुढचा सोडा, डबा कितीही महाग असो.

चांगला लॉट सापडला की हिशेब करा. रोज 80 गोळ्या, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे 480. साधारण आठवड्याला 500 चा एक डबा. वर्षाचे सगळे डबे एकदम घेणं कुणाला परवडत नाही, पण स्पर्धांपुरते त्या लॉटचे दहा-बारा डबे बाजूला ठेवता येतात. सरावाला दुसरा लॉट वापरला तरी स्पर्धेच्या दहा दिवस आधी स्पर्धेच्या लॉटवर या आणि साइट नव्याने जुळवा.

भरतानाचा निष्काळजीपणा

हजारो रुपयांचं पॅलेट निवडायचं आणि भरताना अंगठ्याने कसंही कोंबायचं, हे रोज दिसतं. मॅच रायफलमध्ये पॅलेट भरणीच्या खाचेत डोकं पुढे करून ठेवा आणि लिव्हर एकसारख्या, सावकाश गतीने बंद करा. लिव्हर आपटली की स्कर्टची कड आत जाताना खरवडते. खरवडलेली कड एका बाजूने हवा सोडते आणि गोळी त्या दिवशी कारण न सांगता 9.6 ला जाते. लिव्हर नेहमीपेक्षा जड लागली तर जोर करू नका. उघडा, पाहा. बहुतेक वेळा पॅलेट तिरकं असतं, कधी उलटं असतं.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलवर, जिच्यावर आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात होते, हा मुद्दा आणखी मोठा आहे. पॅलेट नळीच्या मागच्या तोंडाशी सपाट बसलं पाहिजे. स्कर्ट बाहेर डोकावत राहिला तर नळी बंद होताना तो सीलमध्ये चिमटला जातो, पॅलेट वाकडं होतं आणि सीलही खराब होतं. फार आत ढकललं तर स्कर्ट आट्यांत आधीच दाबला जातो आणि वेग बदलतो. कडेशी सपाट, किंवा गोल टोकाच्या लाकडी काडीने अर्धा मिलिमीटर आत. यातलं कुठलंही एक निवडा, पण प्रत्येक गोळीला तेच. भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली हवी. चाप सुटला तर नळी झपकन वर येते आणि बोटं चेचते.

जमिनीवर पडलेलं पॅलेट पुन्हा भरू नये. नळीत वाळूचा कण नेण्याइतकं ते महाग नाही. तोंडात पॅलेट धरून भरण्याची सवय तर ताबडतोब मोडा. शिसं विषारी आहे आणि यातली बहुतेक मुलं वाढत्या वयाची आहेत. सराव संपला की साबणाने हात धुवा, मग मिसळ.

पावसाळा आणि थंडी

जून ते सप्टेंबर उघडा डबा टेबलावर राहिला की पॅलेटवर पांढरी भुकटी धरते. ते शिशाचं गंजणं आहे. अशी पॅलेट तेलात घोळवून "नवी" करू नका, सरळ बाजूला काढा. डबा घट्ट बंद, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. त्या पुड्याही दर काही आठवड्यांनी बदला.

हातपंपाने सिलिंडर भरणाऱ्यांनी पावसाळ्यात थांबून थांबून भरावं आणि पंपाचा फिल्टर वेळेवर सुकवावा. ओलसर हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि थेट सिलिंडरमध्ये बसतं. भरणं नेहमी सावकाश. झरझर भरलं की हवा तापते, काटा 200 बार दाब दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. सिलिंडर 200 बारचं आहे की 300 बारचं, आणि त्याची मुदत कधी संपते, हे त्यावरच कोरलेलं असतं. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत तर चालत नाहीच, घरीही भरू नये. सांध्यांना खनिज तेल लावणं धोकादायक आहे. दाबलेल्या हवेत ते पेटू शकतं.

डिसेंबर-जानेवारीत उलटा घोळ होतो. दुपारी 30 अंशांत 200 बार भरलेलं सिलिंडर पहाटे 12 अंशांच्या रेंजवर 188 च्या आसपास दिसतं. मुलं गळती समजून ओ-रिंग (रबरी सील) उघडायला बसतात. ती गळती नाही, थंडी आहे. रेग्युलेटर (हवेचा दाब स्थिर ठेवणारा भाग) असलेल्या रायफलला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली गेल्यावर, तेव्हा गोळ्या एकामागून एक खाली जायला लागतात. शेवटच्या 15-20 गोळ्या दर वेळी सहाच्या घड्याळाला, म्हणजे सरळ खाली, लागत असतील तर मनाच्या एकाग्रतेवर व्याख्यान देण्याआधी काटा पाहा.

थोडक्यात बाकीच्या

वेग वाढवू नका. मॅच रायफल साधारण 170-175 मीटर प्रति सेकंदाने, 7.5 ते 8 ज्यूलच्या आसपास चालते. स्क्रू पिळून 200 केले तर 10 मीटरला एक शतांश सेकंदही वाचत नाही, आणि ग्रुप फुटतो.

नळी दर 500 गोळ्यांनंतर दोन-तीन कोरड्या फेल्टने (नळी पुसायच्या लोकरी गोळ्यांनी) साफ करा, मग 5-10 गोळ्या सरावाच्या. स्टीलचा ब्रश कधीच नको. स्प्रिंग रायफलमध्ये फेल्ट गोळीसारखं झाडू नका. ते इतकं हलकं असतं की पिस्टन रिकामा आपटतो.

जर्मन डायॉप्टरवरचा (मागच्या साइटवरचा) एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली. पण ती अक्षरं सहसा गोळी कुठे लागली ते सांगतात. गोळी वर लागली तर एचकडे फिरवायचं, म्हणजे ती खाली येते. दर शिबिरात निम्मी मुलं हे उलटं करतात आणि दोष पॅलेटवर जातो. नवी साइट लावली की 10 क्लिक फिरवून गोळी कुठे सरकते ते एकदा पाहून घ्या.

माशीतली (पुढच्या साइटमधली) रिंग फार लहान घेऊ नका. कार्डाचा काळा भाग 30.5 मिमीचा आहे. डोळ्यापासून सुमारे एक मीटरवरच्या माशीत तो 3.05 मिमीएवढा दिसतो. 3.2 ची रिंग लावली की काळ्याभोवती पांढरी कड जवळजवळ उरतच नाही, डोळा थकतो आणि चाप उशिरा सुटतो. 3.8 ते 4.2 पासून सुरुवात करा.

आणि डबा उघडला की झाकणावर मार्करने तीन गोष्टी लिहा: लॉट नंबर, उघडल्याची तारीख, कुठल्या रायफलीत तपासला. दोन भावंडांच्या दोन रायफली असतील तर हे लिहिल्याशिवाय झाकण लावू नका.