मॅक्रो लेन्स निवडताना या चुका टाळा

आंबोलीचे बेडूक किंवा कास पठारावरची इवलीशी फुले टिपण्यासाठी पहिली मॅक्रो लेन्स घेणारे बहुतेक जण सुस्पष्टता आणि किंमत यांचीच तुलना करत बसतात. वास्तविक सुस्पष्टतेच्या बाबतीत हल्लीच्या जवळजवळ सर्वच मॅक्रो लेन्स उत्तम असतात. निवड फसते ती फोटो काढताना लेन्सचे टोक आणि विषय यांच्यात किती जागा उरेल, हे न पाहिल्यामुळे.

माहितीपत्रकातले किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, लेन्सच्या काचेपासून नव्हे. निकॉनच्या ४० मिमी मायक्रो (निकॉन मॅक्रोला मायक्रो म्हणते) लेन्सचे हे अंतर १६.३ सेंमी आहे. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली, की १:१ वर, म्हणजे विषयाची सेन्सरवरची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी येते तेव्हा, जेमतेम ३ ते ४ सेंमी हाती लागतात. इतक्या जवळ गेल्यावर चतुर उडून जातो आणि लेन्सची सावली फुलावरच पडते. कॅननच्या १०० मिमी एल लेन्समध्ये हीच जागा साधारण १३ सेंमी मिळते. कासला तर हा प्रश्न सोयीपुरता उरत नाही, कारण ४० मिमीसारखी आखूड लेन्स घेऊन पायवाट सोडून आत शिरणाऱ्याच्या पायाखाली सीतेची आसवं ही इवली फुले चिरडली जातात, आणि ते अक्षम्य आहे. चापड्यासारख्या विषारी सापाच्या बाबतीत मात्र लेन्स कोणतीही असो, १:१ चा मोह धरूच नये.

झूम लेन्सवर छापलेल्या ‘मॅक्रो’ या शब्दावर विसंबू नका. तिथे बहुधा १:३ किंवा १:४ एवढेच प्रमाण मिळते. १:४ वर फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १४४ मिमी रुंदीचा भाग येतो, म्हणजे पंख पसरलेले ब्लू मॉरमॉन, आपले राज्य फुलपाखरू, चौकट छान भरून टाकते. पण सेंटिमीटरभराचे फूल त्यात हरवून जाते.

एफ/२.८ साठी, म्हणजे लेन्सच्या मोठ्या छिद्रासाठी, जास्त पैसे मोजण्याआधीही विचार करावा. १:१ वर एफ/८ ला देखील जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, त्यामुळे फोटो काढताना एफ/२.८ क्वचितच वापरले जाते. उलट एफ/२२ पर्यंत गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते, कारण १:१ वर परिणामी छिद्र एफ/४४ इतके लहान होते. एफ/८ ते एफ/११ आणि डिफ्यूझर (प्रकाश मवाळ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश हा मेळ चांगला जमतो.

जुनी लेन्स घेताना कॅमेऱ्यात फोकस मोटर आहे का, ते पाहावे. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० वर स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. दुकानातच स्टीलची पट्टी ठेवून सर्वांत जवळचा फोकस लावावा: खऱ्या १:१ लेन्समधून फुल-फ्रेम कॅमेऱ्यात तिचे ३६ मिमी दिसतात, आणि त्याच वेळी काचेपासून पट्टीपर्यंतचे अंतरही मोजता येते.