ग्वाडलकनालच्या जपानी नोंदी वाचायला बसताना

ऑगस्ट 1945 मध्ये जपानी सैन्याने ढिगांनी दफ्तरे जाळली. त्यामुळे पॅसिफिक बेटांवरच्या मोहिमांचे ‘जॅपनीज मोनोग्राफ’ नावाने इंग्रजीत मिळणारे अहवाल हे लढाईतले कागद नव्हेत. युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या मुख्यालयाच्या हुकमावरून माजी अधिकाऱ्यांनी ते नंतर आठवणी, डायऱ्या आणि उरलेल्या कागदांवरून लिहिले. त्यांना मूळ दस्तऐवज समजून उतारे देणे, ही नवख्यांची नेहमीची चूक.

सुरुवात छोट्या प्रसंगाने करा. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर कर्नल इचिकीच्या जपानी तुकडीने ऑगस्ट 1942 मध्ये अमेरिकी सैन्यावर केलेला हल्ला चांगला. मोनोग्राफवरून आराखडा घ्या, मग ‘सेन्शी सोशो’ या 102 खंडांच्या जपानी अधिकृत इतिहासाचा 14वा खंड उघडा. त्यातल्या न्यू ब्रिटन आणि पापुआ मोहिमांवरच्या भागांचे इंग्रजी भाषांतर ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलने 2007 मध्ये काढले. त्यानंतर दोस्त सैन्याने हस्तगत केलेल्या डायऱ्यांची व आदेशांची भाषांतरे पाहा. जपानी येत असेल तर ‘जाकार’ या डिजिटल संग्रहात ‘सी’ने सुरू होणारे संदर्भ क्रमांक चाळा, ते संरक्षण खात्याच्या कागदांचे.

खरी डोकेदुखी वेळेची. जपानी नोंदी बहुधा टोकियोच्या वेळेत असतात, ग्वाडलकनालची वेळ दोन तास पुढे. जपानी नोंदीतले 20 तारखेचे रात्री 11 म्हणजे बेटावर 21 तारखेची मध्यरात्र उलटून 1! एकच चकमक दोनदा मोजली जाते ती अशी. म्हणून घटनाक्रमाच्या तक्त्यात दोन्ही वेळांचे वेगळे रकाने ठेवा. शोवा सन (सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीची जपानी कालगणना) असेल तर त्यात 1925 मिळवा: शोवा 17 म्हणजे 1942.

नावेही फसवतात. इचिकीच्या हल्ल्याची लढाई ‘तेनारूची’ म्हणून गाजली, पण झाली इलू नदीच्या मुखाशी; अमेरिकी नकाशातली चूक. जपानी कागदांत तीच नदी ‘नाकागावा’. गुआम बेट ‘ओमिया-जिमा’. आणि जपानी ‘17वी आर्मी’ पाहून हुरळू नका, तिची पातळी आपल्या कोअरएवढीच (काही डिव्हिजन मिळून होते ती).

इचिकी रेजिमेंटचा झेंडा जाळून आत्महत्या करून मेला की लढताना, यावर वृत्तांतांत एकमत नाही. अशा ठिकाणी दोन्ही नोंदवा आणि वृत्तांत लिहिणारा तिथे हजर होता का, तेही शेजारी लिहा. बहुधा नव्हता.

सिंगापूरला पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांना मजुरीसाठी न्यू ब्रिटन आणि न्यू गिनीला नेले होते. त्यांच्या माहितीसाठी ऑस्ट्रेलियाने चालवलेल्या युद्धगुन्हे खटल्यांतल्या साक्षीही काढाव्या लागतात.