लिनक्स टाकायच्या आधी जुन्या मराठी फाइली उघडून बघा

मागच्या वेळी मी सगळं एका रविवारात उरकलं. सकाळी विंडोज पुसलं, दुपारी त्याच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली, संध्याकाळपर्यंत प्रिंटरसुद्धा चालू झाला होता. सोमवारी काका कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं घेऊन आले. मी फाइल उघडली आणि पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली रोमन अक्षरं, मधेच डॉलर, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. ३१२ पानं तशीच. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "अगं, यातलं आजोबांचं पान कुठलं?"

मला सांगता आलं नाही. बॅकअप होता, दोन ठिकाणी होता, एकही फाइल हरवली नव्हती. हरवली होती ती अक्षरं. आता घरातलं दुसरं मशीन बदलायचंय, ओळखीतले दोघंतिघंही त्याच विचारात आहेत, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

बदलावंसं वाटतं ते उगाच नाही. नवा लॅपटॉप आणला तेव्हा त्यात मी न मागितलेला अँटिव्हायरस होता, तीस दिवसांनी पैसे मागणारा. दोन खेळ होते, खरेदीच्या साइटचं चित्र होतं, आणि फाइली कुठेतरी वर चढवायला सांगणारी खिडकी दर दोन दिवसांनी उघडायची. लग्नपत्रिकेची दुरुस्ती चालू आहे, मुलीचे वडील शेजारी बसलेत, आणि अख्खा पडदा व्यापून जाहिरात येते. काढून टाकलं तर काही आठवड्यांनी त्यातलं निम्मं परत. त्यातच विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझा डेस्कटॉप सहाव्या पिढीचा आहे, ठणठणीत आहे, तो मी भंगारात घालणार नाही. तेव्हा चीड बरोबरच आहे. पण चीड आलेल्या दिवशी डिस्क पुसू नका.

आधी एक आठवडा टेबलावर कागद ठेवा आणि दिवसभरात जे जे उघडाल ते लिहा. ब्राउझर, मेल, बँक, व्हॉट्सअॅप याची काळजी नको. टॅली, कोरलड्रॉ, पेजमेकर ही नावं कागदावर आली तर थांबा. ही लिनक्सवर सरळ चालत नाहीत, आणि ज्यांचं पोट कोरलवर आहे त्यांनी घरात एक विंडोज मशीन ठेवावंच. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते देणाऱ्यालाच विचारा, आणि विवरणपत्र भरायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. आणि त्रास फक्त कंपनीने आत भरलेल्या कचऱ्याचा असेल, तर विंडोजच कोरं करकरीत पुन्हा टाकून बघा. लॅपटॉप बनवणाऱ्याने घातलेलं बरंचसं त्यातच जातं. तेवढ्याने भागत असेल तर पुढचं वाचू नका.

आता अक्षरं. हे घाईत वाचू नका.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो. फॉन्ट कुठलाही लावा, मशीन कुठलंही असो, तो 'क' च राहतो. जुन्या मराठी सॉफ्टवेअरांत तसं नव्हतं. फाइलमध्ये साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी 'क' चं चित्र काढायचा. फॉन्ट गेला की 'क' गेला. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळवणी वेगळी, त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीच्या फाइलला लावला तर अक्षरं दिसतात पण भलतीच. इस्की हे संगणकावरच्या भारतीय अक्षरांचं मानक १९९१ साली झालं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, पण पुण्याच्या पेठांमधल्या छापखान्यांत पुढे कितीतरी वर्षं काम झालं ते असल्या जुन्या फॉन्टांतच. पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, सोसायटीची इतिवृत्तं, सगळं त्यात आहे. तुमच्याकडे २०१० च्या आधीची मराठी फाइल असेल तर ती युनिकोडमध्ये आहे असं धरून चालू नका.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड आहे. रोमन कचरा दिसला तर ती फाइल फॉन्टच्या जिवावर उभी आहे. मी ही एक ओळ चिकटवून बघितली नाही. काका अकरा वर्षं गोळा करत होते त्या नावांवर मी अर्धं मिनिट खर्च केलं नाही.

अशी फाइल सापडली की जुनं मशीन जिवंत असताना, जुनं सॉफ्टवेअर उघडत असताना, डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची मशीनला लावायची किल्ली, लावलेलं असताना हे करा. प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सच्या यादीत नावापुढे 'एम्बेडेड' लिहिलेलं आहे ना ते बघा, नसेल तर त्या पीडीएफचा उपयोग नाही. पीडीएफ वाचण्यापुरती. दुरुस्त्या करायच्या असतील तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फाइलवर बदल साठवू नका. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या, परवाना दुसऱ्या मशीनवर वापरू देतो का तेही वाचा. आणि कुठली फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते फोल्डरच्या नावातच लिहा. सहा महिन्यांनी तुम्हाला आठवणार नाही.

युनिकोडमध्ये बदललं म्हणजे झालं असंही नाही. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. 'स्थिती' मध्ये पहिली वेलांटी सगळ्यात आधी, मग अर्धा स, मग थ. बदलणाऱ्या प्रोग्रामला ती वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवावी लागते. बऱ्याचदा ती अर्ध्या स पाशीच अडकते. रफाराचं उलट. 'वर्षी' मधला रफार शेवटी साठवलेला असतो, त्याला ष च्या आधी आणावं लागतं, आणि सोबत अनुस्वार असला की हमखास गडबड. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला र तर वेगळाच तपासा. 'श्री', 'क्ष', 'द्ध', 'चंद्रिका' मधला 'द्रि', असे दहा-बारा शब्द लिहून ठेवा आणि प्रत्येक बदललेल्या फाइलमध्ये शोधा. नावांची यादी असेल तर शोधून भागत नाही. पीडीएफची छापील प्रत शेजारी ठेवून ओळीन् ओळ वाचावी लागते. स्पेलचेकला कुणाच्या पणजीचं नाव माहीत नसतं.

मी हे सगळं नंतर केलं, आणि नंतर करणं म्हणजे काय ते सांगते. डोंगल ड्रॉवरमध्ये होतं, पण सॉफ्टवेअरची सीडी सापडेना, आणि विकणाऱ्यांकडे ती आवृत्ती राहिलेली नव्हती. नारायण पेठेतल्या एका ऑपरेटरने एक जुनं मशीन तसंच ठेवलंय, त्यावर तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती. त्याचं काम रात्री आठला संपायचं. अकरा रात्री मी तिथे बसून फाइली बदलल्या. त्याने ते मशीन काढून टाकलं असतं तर ३१२ पानं पुन्हा टाइप करावी लागली असती, आणि शेवटच्या पन्नास पानांची छापील प्रतच नव्हती.

म्हणून पुन्हा सांगते, बॅकअप घेतला म्हणजे अक्षरं घेतली असं नाही. ओळ चिकटवून बघा.

आणि डिस्क पुसूच नका. नवी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क घ्या, लिनक्स तिच्यावर टाका, जुनी डिस्क काढून, वर तारीख आणि मशीनचं नाव लिहून कपाटात ठेवा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी केलीत तर डेस्कटॉपची डिस्क बदलायला फार वेळ लागत नाही. लॅपटॉप असेल तर उघडल्याने वॉरंटी जाते का ते आधी विचारा. डिस्क निघत नसेल तर क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने तिची जशीच्या तशी प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर सॉफ्टवेअर येत नाही, फॉन्ट येत नाहीत. मी नुसत्या फाइली कॉपी केल्या होत्या. जुनी डिस्क कपाटात असती तर त्या सोमवारी मी ती दहा मिनिटांत परत लावली असती.

बिटलॉकर. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्कला कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आधी शोधा, कागदावर लिहा, आकडे दोनदा पडताळा. लिनक्सच्या शेजारी विंडोजही ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

लिनक्स टाकायला पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे. मिंटची फाइल त्यांच्याच साइटवरून घ्या आणि चेकसम पडताळा, म्हणजे फाइल धड उतरली का ते कळतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅमवर चालतं म्हणतात, ४ च्या खाली जाऊ नका. मिंटच्या प्रकारांपैकी जुन्या मशीनला एक्सएफसीई, बाकी सिनॅमन.

पेनड्राइव्हवरून चालू केलं की लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. एक संध्याकाळ तसंच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडलं की जागं होतं का. प्रिंटर आणि स्कॅनर प्रत्यक्ष चालवून बघा, एचपीचे बहुतेक चालतात, स्वस्तातले काही लेझर अडतात. मराठी कीबोर्ड लावून एक परिच्छेद टाइप करा. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्स हा टायपिंगचा प्रोग्राम लागतो. टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेला असेल तर तुमची मांडणी मिळते का ते आजच बघा, बोटांची सवय आठवड्यात मोडत नाही. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी नव्हे, मराठी ठेवा. कित्येक फॉन्ट भाषा बघून ल आणि श चं वळण बदलतात, आणि २००९ च्या शासन निर्णयातला पाकळीचा ल, देठाचा श त्यामुळेच मिळतो. काकांना हिंदी वळणाचा ल चालत नाही, मलाही नाही.

आणि त्याच संध्याकाळी, त्याच पेनड्राइव्हवरून, एक जुनी मराठी फाइल उघडा. सगळ्यात जुनी. मग तिची युनिकोड प्रत उघडा, मग पीडीएफ. तिन्ही उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

प्रत्यक्ष दिवस गुरुवार नको, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच. डेस्कटॉप असेल तर यूपीएस, लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला. वायफाय रुसलं तर फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट. कुठल्या डिस्कवर टाकायचं विचारतं तिथे नाव आणि आकार मोठ्याने वाचा, घरात कुणी असेल तर त्यांनाही वाचायला लावा. जुनी डिस्क काढून ठेवली असेल तर इथे चूक होऊच शकत नाही.

झाल्यावर अपडेट. टाइमशिफ्ट चालू करा, काही बिघडलं तर त्याने मशीन आधीच्या स्थितीला नेता येतं. फॉन्ट होम फोल्डरमधल्या .local/share/fonts मध्ये टाका. प्रिंटर जोडा. बाकीचं वापरता वापरता कळतं.

पहिला महिना कुठलंही तातडीचं काम नव्या मशीनवर घेऊ नका, लग्नसराईत तर नकोच.

काका दर रविवारी चारला येतात. २७१ पानं वाचून झाली, ४१ राहिलीत. मूळ फाइलींचा बॅकअप कपाटात वरच्या खणात आहे, आणि ती ४१ पानं होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही असं मी घरात सांगून ठेवलंय.